मगर छे

शालनचा पुतण्या कॅनडाला गेला, तेव्हा त्याचं घर वाटलं गेलं.
कुणी फ्रीज नेला, कुणी गाद्या.
आम्ही नणंदाभावजयांनी उचलली रबरी होडी:
नारंगी, दोन माणसांची,
पायाने दाबायच्या पंपासकट, एक वल्हं कमी.

शालन एकसष्टीची, मी तीन वर्षांनी लहान.
रविवारी सहाला ती दांडिया बाजारातून निघते,
मला प्रतापनगरच्या पुलापाशी घेते.
स्कूटरवर आमच्या दोघींच्या मध्ये होडी,
घडी घातलेली,
लग्नाला उगाच आलेल्या तिसऱ्या बाईसारखी.

वहीत तिने तळी लिहून काढलीत, सत्तावीस,
आणि पट्टीने आखलेत रकाने:
पाणी. सावली. चहा.
चौथा पहिल्याच रविवारी वाढवावा लागला.

डभोईच्या वाटेवरचं ते तळं कमळांनी असं मिटलेलं
की खाली पाणी आहे हे विश्वासानेच मानायचं.
एक कमळपक्षी पानांवरून चालला होता,
नुकत्याच पुसलेल्या फरशीवरून जावं तसा,
बोटं पसरून, ओशाळून.
मी पंप काढला.
म्हशींमागचा पोरगा दातांत काडी धरून म्हणाला,
"मासी, मगर छे."

छे.
आपल्याकडे छे म्हणजे नाही.
चाळीस वर्षं बडोद्यात काढूनही
माझा एक पाय आधी मराठीत पडतो:
मगर? छे! कुठली मगर!
आणि दुसरा गुजरातीत उचलून मी बांधावर परत.

पादऱ्याच्या पलीकडे शिंगाड्याचं तळं.
एक माणूस उलट्या घागरींच्या तराफ्यावर पोट टेकून
वेल चाचपत होता, जणू अंधारात चष्मा शोधतोय.
त्याने ओंजळभर शिंगाडे दिले, काळपट, शिंगांसकट.
मगर? शालनने विचारलं.
"छे ने. पण नानो छे."
त्यांच्यात मगर बाप्या असतो,
आपल्यात बाई.
आम्ही बाईमाणूस समजून दोन पावलं जवळ गेलो,
बाप्या समजून चार मागे आलो.

सावलीकडचं एक तळं नकाशात निळंशार होतं.
तिथे पोरं क्रिकेट खेळत होती.
जिथे सगळ्यात खोल, तिथे स्टंप.
"पाणी चोमासामां," यष्टिरक्षक म्हणाला,
आणि होडीकडे बोट दाखवलं.
मग पाच जणांनी पाळीपाळीने पंप दाबला,
होडी फुगली, टम्म,
तडकलेल्या चिखलावर पहिल्यांदा पूर्ण आकाराला आली.
बाद झालेले फलंदाज तिच्यात बसले.
शालनने दोन चेंडू टाकले, एक वाइड.
मगरीच्या रकान्यात त्या दिवशी तिने
एक लांबलचक रेघ ओढली, जराशी हिरमुसून.

परवाचं एकोणिसावं.
काठाला खोडियार मातेची देवळी, चुनरी, विझलेली उदबत्ती.
मातेचं वाहनच मगर,
तेव्हा चौथा रकाना शालनने स्कूटरवरूनच भरला.
एक म्हातारी पायरीवर पितळी लोटा घासत होती.
"कपडां धोवा आव्या?"
ना.
"मानता?"
ना.
"तो?"

ह्या "तो"ला आमच्याकडे उत्तर नव्हतं.
घरून निघताना असतं ते भाजीचं, बँकेचं,
कुणाच्या बाराव्याचं.
शालन बराच वेळ हेल्मेटचा पट्टा सोडवत राहिली.
"बेसवा," ती म्हणाली. बसायला.
"तो बेसो."

जमीन ओली होती, म्हणून होडी उलगडून अंथरली.
तिघी बसलो.
टिबुकली बुडी मारायची आणि भलतीकडेच निघायची,
आपण पैज लावावी आणि हरावं.
पलीकडच्या काठावर ती होती,
किंवा तो,
जबडा उघडा टाकून, बोलता बोलता
पुढचं विसरल्यासारखी.
म्हातारीने तिकडे पाहिलंही नाही.
शिंगाडे सोलत विचारलं फक्त, मीठ आणलंय का.

घरी ह्यांनी पेपरमागून विचारलं,
"जमलं का काही आज तरी?"
छे, मी म्हटलं,
आणि होडी गच्चीत वाळत घातली.
खालची बाजू तेवढी ओली होती.